मृत्युपत्र नव्हतं म्हणून वाटणी सापडली

ज्या शेतकऱ्याचे कागद शोधत होतो त्याचं मृत्युपत्र निघालं नाही, हे वंशावळीच्या कामाच्या दृष्टीनं बरंच झालं. मृत्युपत्र करणारा शेतकरी ज्या मुलांना हयातीतच जमीन देऊन मोकळा झालेला असतो त्यांना पाच शिलिंगांवर उरकतो, किंवा त्यांचं नावच घेत नाही. मृत्युपत्राविना गेलेल्याची वाटणी कायदा करतो, आणि कायद्याला प्रत्येक वारस नावानिशी लागतो.

हा शेतकरी माझ्या सुनेच्या माहेरचा पूर्वज. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) १७४८ च्या हिवाळ्यात वारला. नातवंडांसाठी त्याचे कागद लावायला घेतले, एवढाच माझा संबंध. म्हणून खाली माणूस कमी आणि कागद जास्त आहेत.

आधी वाटणीचा नियम समजून घ्यावा, नाहीतर फाइलमधले आकडे निरर्थक वाटतात. मॅसॅच्युसेट्सच्या १६९२ च्या कायद्यानुसार विधवेला जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा कायमचा मिळे. जमिनीचा तिसरा हिस्सा मात्र फक्त तहहयात. उरलेलं मुलांना सारखं, थोरल्या मुलाला दुप्पट. मुलगी मेली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. म्हणजे सात मुलं असतील तर वाटे आठ पडतात. इंग्लंडात आणि व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याकडे जाई. व्हर्जिनियात ते बंद करणारा कायदा १७८५ साली झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या मुलीला धाकट्या भावाइतका वाटा होता, म्हणून तिचं आणि जावयाचं नाव कागदावर येतं. थोरल्याचा दुहेरी वाटा मॅसॅच्युसेट्सनं १७८९ मध्ये रद्द केला.

दप्तर कुठलं, यात माझे बरेच दिवस गेले. वूस्टर काउंटी १७३१ साली निघाली. त्याआधी लँकेस्टर मिडलसेक्समध्ये होतं, ब्रुकफील्ड हॅम्पशायरमध्ये, मेंडन सफकमध्ये. गावं जागची हलली नाहीत, दप्तरं बदलली. आमच्या शेतकऱ्याचं प्रोबेट, म्हणजे मृताच्या मालमत्तेचं न्यायालयीन प्रकरण, वूस्टरला, पण १७२६ ला घेतलेल्या जमिनीचं खरेदीखत मिडलसेक्सच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये, केंब्रिजला. त्यातही खत ज्या वर्षी झालं त्याच वर्षी नोंदवलं जाईल याची हमी नाही. वीस-तीस वर्षं ते घरच्या पेटीत पडून राही आणि मुलगा जमीन विकायला निघाला की नोंदवलं जाई. म्हणून खरेदीदारांच्या आणि विक्रेत्यांच्या सूचीत माणसाच्या मृत्यूनंतरची तीस वर्षंही पाहावीत. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडात वेगळाच प्रकार: तिथं जमिनीची खतं काउंटीकडे नसून गावाच्या दप्तरात असतात.

काउंटीच्या प्रोबेट सूचीत केस नंबर मिळतो. त्या नंबराखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्ही मागाव्या लागतात. एक, कारकुनानं मोठ्या वहीत उतरवून घेतलेली नक्कल. तिचा उल्लेख खंड आणि पान असा असतो. दुसरी, मूळ सुट्या कागदांची फाइल. वहीत सह्या नसतात, फक्त नावं असतात, आणि कारकुनानं आकडा चुकवलेला असू शकतो. पावत्या तर बहुधा फाइलीतच राहतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पुष्कळशा प्रतिमा फुकट पाहता येतात. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या संकेतस्थळावरही मॅसॅच्युसेट्सच्या प्रोबेट फाइली आहेत. फॅमिलीसर्चचा जुनं हस्ताक्षर वाचून शोधणारा फुल-टेक्स्ट सर्च वापरला तर आपला माणूस दुसऱ्याच्या फाइलीत साक्षीदार किंवा पंच म्हणून निघतो. सूचीत तो कधीच सापडला नसता.

आता तारखा. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. आमच्या फाइलीत अर्ज 'फेब्रुवारी १७४७' चा आणि मालमत्तेची यादी 'एप्रिल १७४८' ची. वाटतं चौदा महिने गेले. गेले फक्त दोन. काही कारकून १७४७/८ असं दुहेरी लिहितात, काही लिहीत नाहीत. जानेवारी ते २४ मार्चमधली एकेरी तारीख दिसली की मी शेजारच्या कागदांशी ताडून मगच वर्ष ठरवतो, आणि मूळ जसं आहे तसं लिहून कंसात आपलं वर्ष देतो. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली, पण त्यासाठी जुन्या तारखांत अकरा दिवस मिळवत बसू नये. पुढचा माणूस ते पुन्हा मिळवतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या १७५२ आधीच्या कागदात 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

अक्षर सवयीनं लागतं. 'वाय'सारखं दिसणारं आणि वर बारीक 'ई' काढलेलं अक्षर म्हणजे 'द'. त्याचा उच्चार 'यी' कधीच नव्हता. दोन छोटे 'एफ' म्हणजे मोठा 'एफ'. पौंडासाठी जुन्या कागदांत 'एल-आय' लिहितात. नात्यांचे शब्द जास्त फसवतात. 'सन-इन-लॉ' म्हणजे सावत्र मुलगा असू शकतो, 'कझिन' म्हणजे पुतण्या. 'जुनियर' म्हणजे मुलगाच असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ते लावत, आणि थोरला वारला की धाकट्याचं जुनियर गळून पडे. या एका शब्दापायी दोन माणसांचं आयुष्य एकाच्या नावावर चढलेल्या वंशावळी इंटरनेटवर किती आहेत!

फाइलीचा क्रम असा: मालमत्तेचा कारभारी नेमण्याचं पत्र, जामीनकतबा (कारभाऱ्याला जामीन राहिल्याचा लेख), मालमत्तेची यादी, कारभाऱ्याचा हिशेब, अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांचे पालक नेमल्याचे कागद, वाटणी, पावत्या. कारभार बहुधा विधवेकडे किंवा थोरल्या मुलाकडे जाई. जामीनकतब्यावर दोन जामीनदार असतात आणि लोक तो कागद उलटून पुढे जातात. जामीनदार उगाच कुणी होत नाही. विधवा कारभारी असेल तर त्यांतला एक तिचा भाऊ किंवा मेहुणा असण्याची शक्यता मोठी, आणि तिचं माहेर कळायला पुष्कळदा दुसरा दुवाच नसतो. पालकाच्या कागदातून वय निघतं: चौदा वर्षांचं मूल स्वतः पालक निवडी, त्याहून लहान असेल तर न्यायाधीश नेमी. जन्मनोंद हरवलेल्या मुलीचं जन्मवर्ष मी असंच दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात बसवलं.

यादी करायला शेजारचे तीन जाणते लोक पंच म्हणून जात. ते खोल्यांमागून खोल्या, मग खळ्याचं कोठार, मग शेत असे फिरत. त्यामुळे यादीच्या क्रमावरून घराचा आराखडा काढता येतो. 'बेड' म्हणजे पलंग नव्हे, पिसांची गादी. पलंगाला वेगळा शब्द आहे. 'बेड अँड फर्निचर' म्हणजे गादी आणि तिच्यावरची पांघरुणं, उशा, चादरी. घरातली ही बहुधा सगळ्यात महाग वस्तू, कित्येकदा गायीपेक्षाही. धान्याच्या ओळीत 'इंडियन' दिसलं की आपल्याला उगाच आपलं काही आठवतं; तो मका. त्याच्याजवळ राय हे धान्य दिसतं आणि गहू फारसा दिसत नाही. कारण तांबेरा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून न्यू इंग्लंडातला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतला, गहू तांबेऱ्यानं जात होता. बार्बेरीच्या झुडपाजवळचं पीक हमखास जातं हे शेतकऱ्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून कनेक्टिकटनं १७२६ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सनं १७५५ मध्ये ती झुडपं काढण्याचे कायदे केले. बुरशी आपलं अर्धं आयुष्य त्या झुडपावर काढते, हे शास्त्राला पुढच्या शतकात सिद्ध करता आलं.

वजनं तीन आकड्यांत येतात. जुन्या लोखंडापुढे ०-२-१४ असेल तर तो भाव नाही. हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड अशी ती मांडणी आहे. हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, क्वार्टर २८ चा, म्हणजे इथं ७० पौंड लोखंड. आणि यादी कोणत्या महिन्यातली हे पाहिल्याशिवाय सुबत्तेबद्दल बोलू नये. एप्रिलमध्ये कोठारातला चारा संपत आलेला असतो. नोव्हेंबरच्या यादीत तोच शेतकरी दुप्पट सधन दिसेल.

अशा याद्यांत कधी बैल आणि नांगर यांच्यामध्ये एखादा माणूस किमतीसह लिहिलेला सापडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८३ च्या सुमारास न्यायालयीन निकालांनी संपली. त्याआधी ती शेतकऱ्यांच्या घरातही होती. ती ओळ जशीच्या तशी उतरवावी. त्या माणसाच्या वंशजांना पुष्कळदा तेवढा एकच कागद असतो.

बेरजेशी माझं सगळ्यात जास्त भांडण झालं. यादीच्या तळाशी आकडा २,३१० पौंड. श्रीमंत पूर्वज मिळाला म्हणून घरात कौतुक झालं, आणि ते मलाच मोडावं लागलं. ते पौंड 'ओल्ड टेनर'चे, म्हणजे जुन्या कागदी नोटांचे. मॅसॅच्युसेट्सनं १६९० पासून कागदी नोटा काढल्या आणि त्यांचं मोल घसरत गेलं. १७४५ ला फ्रेंचांचा लुईबर्गचा किल्ला घेतल्याचा खर्च ब्रिटिश संसदेनं चांदीत भरून दिला, तेव्हा १७५० मध्ये वसाहतीनं नोटा परत घेतल्या: ओल्ड टेनरचे साडेसात पौंड म्हणजे 'लॉफुल मनी'चा, चांदीवर आधारलेल्या हिशेबाचा, एक. २,३१० चे झाले ३०८. लॉफुल मनीचे चार पौंड म्हणजे स्टर्लिंगचे (इंग्लंडच्या चलनाचे) तीन, म्हणून स्टर्लिंगमध्ये २३१. स्पॅनिश डॉलर सहा लॉफुल शिलिंगांचा, म्हणजे सुमारे १,०२७ डॉलर. नोटांचं मोल वर्षावर्षाला बदलत होतं, तेव्हा १७५० चा दर १७२० च्या यादीला लावू नये. बेरीज तपासताना सगळं पेन्समध्ये करून घ्यावं, पौंडाचे २४० पेन्स. पंचांच्या बेरजा चुकलेल्या निघतात. एवढं करूनही ती संपत्ती नव्हेच, कारण यादीत तो ज्यांचं देणं लागत होता ते नसतं. देणी कारभाऱ्याच्या हिशेबात येतात. देणी भारी पडली की आयुक्त नेमून सावकारांना पौंडामागे काही शिलिंग असं भागवत, आणि पुढे वाटणीचा कागद मिळतच नाही.

वाटणी पाच जणांची समिती करी. आमच्याकडे ९६ एकर आणि सात मुलं. एकरांनीच भागायचं तर विधवेला ३२, मुलांच्या वाट्याला ८, थोरल्याला १६. पण हिशेब किमतीचा होता: ओढ्याकाठच्या गवती कुरणाचा एक एकर खडकाळ रानाच्या कित्येक एकरांना भारी. इतके तुकडे केले तर शेत कुणाच्याच कामाचं राहणार नाही, असं समितीनं लिहिलं. कायद्यात त्याची सोय होती. जमीन पहिल्या दोन मुलांना दिली आणि बाकीच्या पाच जणांना त्यांनी पैसे द्यायचे ठरलं. फाइलीतल्या पावत्या त्याच पैशांच्या. लग्न झालेल्या मुलीची पावती नवऱ्याच्या नावे, म्हणून जावई मिळतात. शिवाय डीड्सच्या दप्तरात भावंडांची हक्कसोडपत्रं शोधावीत. आपल्याकडच्या हक्कसोडपत्राहून ती फार वेगळी नाहीत.

विधवेचा हिस्सा शब्दांत आखलेला असतो: घराचं पूर्वेकडचं टोक, तळघराचा अर्धा भाग, विहिरीचं पाणी, भट्टी वापरण्याचा आणि अंगणातून जाण्या-येण्याचा हक्क. जमिनीच्या हद्दी खुणेच्या पांढऱ्या ओकपासून दगडांच्या राशीपर्यंत, रॉडमध्ये. रॉड साडेसोळा फुटांचा. १६० चौरस रॉड म्हणजे एकर. इथं मराठी माणसाचं काम सोपं आहे: आपला गुंठा ३३ फूट बाय ३३, म्हणजे बरोबर चार चौरस रॉड. आलेखाच्या कागदावर एका इंचाला २० रॉड धरून मी हद्द आखली. शेवटची रेघ सुरुवातीच्या ओकला भिडत नाही, थोडी कमी-जास्त पडतेच. साखळीला झोळ पडतो म्हणून मोजणारे जास्त माप देत, आणि होकायंत्राची उत्तर तेव्हापासून सरकलेली आहे. आखलेली आकृती आजच्या नकाशावर ठेवून थोडी फिरवली की ओढा जुळतो. ओढा जुळला की शेताच्या हद्दीच्या भिंती सापडतात.

इथं फाइल संपली असं समजून मी केस बंद केली होती. पण विधवेचा तिसरा हिस्सा तहहयात होता, तेव्हा ती गेल्यावर त्याची पुन्हा वाटणी होणं भाग होतं. तिनं दुसरं लग्न केलं असलं तरी हा हक्क जात नसे, फक्त कागदावरचं आडनाव बदले. त्याच केस नंबराखाली, एकवीस वर्षांनंतरच्या तारखेचा कागद निघाला. म्हणजे ती १७६९ च्या सुमारास गेली; दफनभूमीत तिचा दगड नाही. धाकट्या मुलीच्या जागी त्यात तिची तीन मुलं होती, बापाच्या आडनावासह. ते आडनाव आम्ही शेजारच्या काउंटीत शोधतच नव्हतो.