उजवी बाजू

आज विजय दिवसाच्या कार्यक्रमाला निघताना आईने बाबांची पदके स्वतःच काढून लावली, आणि डावीकडे लावली. आजवर ज्यांच्या ज्यांच्या छातीवर पदके पाहिली त्या सगळ्यांची डावीकडेच होती, तेव्हा तिला वेगळे काही सुचण्याचे कारण नव्हते. पुष्पचक्र वाहण्याआधी सुभेदार काका जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, ज्यांनी मिळवली त्यांनी डावीकडे लावायची. आपण घरच्यांनी उजवीकडे." आईने मान हलवली, पिन काढली आणि पदके उजवीकडे लावली. घडले ते एवढेच, पण तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

काकांचे काहीच चुकले नव्हते. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियातही हीच रीत आहे, आणि तिच्यामागचा विचार मला पटतो. डावी बाजू हृदयाची, म्हणून ज्याने ते भोगले त्याची. मग मला का लागले? आमच्या वाट्याला बाबांची बाजूसुद्धा येऊ नये, असे काहीतरी त्या क्षणी मनात आले आणि डोळे भरून आले. मी एप्रिल 1972 मधली. मला त्यांच्याकडून मिळालेले जे काही आहे ते त्या पट्टीवरच आहे, आणि तेही आपले म्हणून लावायचे नाही. हे लिहितानाही ते तितकेच बोचते आहे.

पदकांची ती पट्टी गणवेशाच्या जाड कापडासाठी बनवलेली असते. आईच्या सुती ब्लाउजवर चार पदकांचे वजन येताच कापड खाली ओढले गेले आणि पिनेजवळ दोन ताणलेल्या चुण्या पडल्या. भाषण चालू असताना ती मधूनमधून उजव्या हाताने पट्टी वर धरत होती. व्यासपीठावरून 93 हजार युद्धकैद्यांचा उल्लेख झाला, जनरल नियाझींनी ढाक्यात शस्त्रे खाली ठेवली त्याचा झाला, आणि तो व्हायलाच हवा, कारण ते खरे आहे आणि अभिमानाचे आहे. त्याच युद्धात आपलेही साडेतीन हजारांहून अधिक जवान गेले, हे मात्र कोणी आकड्यात सांगितले नाही. जे परतले नाहीत आणि ज्यांचे पुढे काय झाले तेही कळले नाही, त्यांची संख्या चौपन्न सांगितली जाते. त्यांच्या घरच्यांनी कोणत्या बाजूला काय लावायचे? तो विचार मी पुढे नेऊ शकले नाही.

संध्याकाळी पट्टी टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत बसले. 1965 चा समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, 1971 चा पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. गोल पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले आहे. बोट फिरवले की अक्षरे लागतात. फितींचे रंग ज्याला वाचता येतात त्याला एखाद्या जवानाची सगळी नोकरी छातीवर वाचता येते, आणि जे तिथे नाही तेही वाचता येते. नऊ वर्षांच्या सेवेचे पदक नाही, मग वीस आणि तीस वर्षांच्या पदकांचा प्रश्नच नाही. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्या प्रत्येकाला मिळाले. सुभेदार काकांच्या रांगेत ते आहे, बाबांच्या रांगेत नाही. किती काळ कुठे काढला, कोणत्या मोहिमेत भाग घेतला, कुठे जखम झाली, या प्रत्येकासाठी सैन्याकडे एकेक फीत आहे, आणि हा हिशेब काटेकोर ठेवला जातो याबद्दल मला आदरच आहे. पण तो डिसेंबर 1971 पाशी थांबतो. आईचा त्याच दिवशी सुरू झाला.

परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. त्यावर इंद्राचे वज्र चार वेळा आहे, म्हणजे दधीचींच्या अस्थी. ती कथा आपण अस्थिदानापाशी संपवतो, पण पुराणात ती तिथे संपत नाही. दधीचींची पत्नी सुवर्चा घरी येते, तेव्हा सगळे होऊन गेलेले असते. ती देवांना शाप देते. तिच्या पोटात पिप्पलाद असतो. भाषणांत दधीची अनेकदा ऐकले. सुवर्चेचे नाव मी एकदाही ऐकलेले नाही. आईने कोणाला शाप दिल्याचे मला आठवत नाही. तिने शिलाई मशीन घेतले. तारेचा तो कागद तिने कुठे ठेवला, हे मी कधी विचारलेले नाही, आजही विचारले नाही.

जेवताना मात्र राहवले नाही. म्हटले, "तुला वाईट नाही वाटलं, अशी सगळ्यांसमोर बाजू बदलावी लागली ते?" ती म्हणाली, "कशाचं वाईट? डाव्या खांद्यावर पदर असतो. तिकडे लावली असती तर निम्मी झाकलीच गेली असती. आता सगळी दिसली." आणि मग, पापड मोडताना, "त्यांची ती त्यांची. मी केलं ते मला माहीत आहे." तिच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती. मी इतकी वर्षे तिच्या वतीने जे दुःख जपत आले, त्यातले निम्मे तरी तिने केव्हाच घडी घालून ठेवून दिलेले असावे. उरलेले माझे आहे, आणि ते तिच्यावर लादायचा मला अधिकार नाही, हे आज प्रथमच इतके स्वच्छ दिसले. तिच्या वर्षांसाठी एखादी फीत हवी होती, असे मला दुपारपर्यंत वाटत होते. आता वाटते की फीत द्यायची तर त्या वर्षांना काहीतरी मुदत ठरवावी लागली असती, नऊ, वीस, तीस अशी, आणि तिची वर्षे तशी पुरी झालेलीच नाहीत.

तिने कधी सांगितले नाही आणि मी कधी लिहून घेतले नाही, म्हणून त्या काळाची नोंद कुठेच नाही. मी तिला म्हटले, 1971 पासूनचे सगळे सांग, मी उतरवून घेते. तिने थोडा विचार केला. "रविवारी बस," म्हणाली, "पण आधी शिलाईचं सांगीन. पहिली गिऱ्हाइकं कोण होती, कोणी पैसे बुडवले, सगळं. तुझ्या बाबांचं मागून." वही मी काढून ठेवली आहे.