गुणगुण सापडली! भाग 14 रविवारी

आपल्या कथा-कवितांच्या ऑडिओ मालिकेच्या रेकॉर्डिंगमधल्या ज्या गुणगुणीच्या नावानं गेल्या वेळी मी बोटं मोडली होती, ती माइकची नव्हती आणि इंटरफेसचीही (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) नव्हती. भिंतीची होती.

अकोल्याच्या ताई लेकीकडे पुण्यात आल्या म्हणून त्यांची वऱ्हाडी कविता घरीच रेकॉर्ड केली, इथवर सांगून झालंय. कथेत अशी गुणगुण खपून जाते, कान पुढच्या वाक्याकडे असतो. कवितेत ताई ओळ संपवून थांबल्या की मागे ‘घूंऽऽ’ हजर. पंखा बंद, फ्रिज बंद, गोधड्यांचा तंबू, तरी आहेच. 50, 100, 150 हर्ट्‌झवर आवाजाच्या आलेखात सुळके दिसत होते, म्हणजे विजेचीच. नॉच, म्हणजे नेमके तेवढेच सूर कापणारे फिल्टर लावले तर वरची भुणभुण उरली. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन 12 डेसिबलला नेलं, तर ताई विहिरीतून बोलायला लागल्या. मग गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंदच करणारी सोय. त्यानं तर कहर केला. ‘बुढी सांजच्याले उंबऱ्यात बसे’ यातला ‘से’ ताई जवळजवळ श्वासातच सोडतात, तोच उडवला. बुढी ‘ब’वरच अडकली!

मधे केबलवरही संशय घेतला. ऑनलाइन मागवलेल्या एक्सएलआरच्या (माइकच्या केबलच्या) शील्डचा, म्हणजे बाहेरच्या जाळीचा, डाखच निघाला होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मीटरच्या मापानं केबल आणि दोन कनेक्टर आणून स्वतः डाख दिला. केबल हातात घेऊन, वाकवून बघितल्याशिवाय घेऊ नये, या मतावर मी आता ठाम आहे. गुणगुण थोडी घटली, एवढंच.

शेवटी महावितरण पावलं. गुरुवारी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर, सहज रेकॉर्ड दाबलं आणि हेडफोनमध्ये शांतता! वीज आली, चार्जर लावला, घूंऽऽ. तेव्हा ट्यूब पेटली. लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट घासलं की मुंग्या येतात, ते मी दोन वर्षं थंडीवर ढकलत होतो. वायरमनकाकांनी फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला, तो पेटेना. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर वेटोळं करून आत कोंबलेली, कशालाच न जोडलेली. काकांनी 300 रुपये घेतले. मी 18 हजारांचा कंडेन्सर माइक कार्टमध्ये टाकून बसलो होतो. तो काढला.

शुक्रवारी ताईंना पुन्हा बोलावलं. एकाच टेकमध्ये झालं. गेट नाही, रिडक्शन नाही, फक्त मोनोला -19 एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप). ‘बसे’नंतर पावणेतीन सेकंद ताई गप्प आहेत आणि त्यात पान उलटताना बांगडी किणकिणते. काढणार नाही.

भाग 15 मध्ये दोन लघुकथा ठरल्या होत्या, पण एका लेखकाला तीच कथा दिवाळी अंकाला पाठवायचीय आणि अंकाला ‘अप्रकाशित’ हवीय. ऐकवलं म्हणजे प्रकाशित झालं का, हा घोळ आपल्याला एकदा निस्तरावा लागणार. तोवर तिथंही कविताच घेतो. आणि हे लिहिताना सुचलं: प्रत्येकाकडून वाचनाआधी 30 सेकंद कुणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करून मागवायची. कापाकापीच्या सांध्यात भरायला ती लागतेच, पण भागाची सुरुवातही तिच्यावरच केली तर? फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट नको. विदर्भवाल्यांना कुलर बंद ठेवा हेही सांगायला हवं.