एकदम मजेत

रात्रीचा दीड वाजलाय. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आज तो भेटला. लिफ्टमध्ये, सहा मजले. या भेटीची मी आठ महिने तालीम केली होती, आरशासमोर, अंघोळ करताना, गाडी चालवताना. तालमीत मी फार शांत असायचे आणि त्याचं नाव आठवायला मला जरा वेळच लागायचा. प्रत्यक्षात त्याने "कशी आहेस?" विचारलं आणि माझ्या तोंडून "एकदम मजेत!" असं निघालं. इतक्या मोठ्यांदा, की कोपऱ्यातल्या काकांनी मोबाइलमधून मान वर काढली.

तो म्हणाला, "बरं वाटलं ऐकून."

आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं. तेच सलतंय. टोमणा मारला असता तर घरी येऊन ताईला फोन केला असता, तासभर त्याची नक्कल केली असती. पण असा सुटल्यासारखा चेहरा? माझं काहीतरी देणं राहिलं होतं आणि आज ते फिटलं, असा. बरं वाटलं म्हणे!

पण त्याला मी मजेत वाटावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता ना? केस कापले, सगळ्यांना "मीच सोडलं त्याला" सांगत फिरले. (ते अगदीच खोटं नाही. "मग जा" असं मीच म्हणाले होते. तो गेला, एवढंच.)

त्याच्याबरोबर कुणी होतं का, ते मी लिहिणार नाही.

संध्याकाळी स्टेटस टाकलं. माझा खदखदून हसतानाचा फोटो. खाली काही लिहिलं नाही, लिहिलं की आव आणल्यासारखं दिसतं. मग कुणी कुणी बघितलं ते दहा मिनिटांत तीनदा तपासलं. चौथ्यांदा उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं. काय ते समाधान! बघ म्हटलं, नीट बघ, अशी हसते मी.

आणि आत्ता, अंधारात पडल्यापडल्या आठवलं. तो फोटो त्यानेच काढलाय. हसतेय तीही त्याच्याच कुठल्यातरी फालतू विनोदावर. उजव्या कोपऱ्यात तांबूस धुरकट काहीतरी आहे ना, ते त्याचं बोट. त्याच्या प्रत्येक फोटोत ते असायचंच, त्यावरून आम्ही किती... जाऊ दे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या पिळावर तर त्याच्याच बोटाचा ठसा निघाला. उशीत तोंड खुपसून हसले शेवटी. फोटोतल्याइतकं नाही, पण हसले.

आता काढून टाकावं, तर मला कळलं हे त्याला कळणार. ठेवावं, तर तो फोटो ओळखून पुन्हा "बरं वाटलं" म्हणणार. साडेआठला टाकलं होतं, २४ तासांनी आपोआप जाईल.

म्हणजे अजून १९ तास मी एकदम मजेत आहे.