वाफेवरची सॉ मिल आणि काचेतलं पाणी

वाफेवर चालणाऱ्या जुन्या सॉ मिलचा, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीचा, फोटो दिसला की लोक आधी ती गोल करवत बघतात. माझी नजर जाते बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर. आयुष्यभर बॉयलर सांभाळल्याची खोड, दुसरं काय!

करवतीचं कौतुक मलाही आहे. सॅम्युएल मिलरच्या 1777 सालच्या इंग्लंडमधल्या पेटंटमध्ये तिचा उल्लेख सापडतो. पुढच्या शतकात वाफेचं इंजिन चाकांवर चढलं आणि गिरणीच जंगलात जाऊन उभी राहायला लागली. पाणचक्की नको, धरण नको. ओढा मात्र हवाच, बॉयलरची तहान कोण भागवणार?

सरपण फुकटचं. त्या करवतीने लाकडात पडणारी खाच पाव इंचाच्या आसपास, म्हणजे इंचभर जाडीच्या फळ्या काढताना दर चार कापांमागे एका फळीचा भुसा! ओला भुसा नुसता धुमसतो, म्हणून भट्टीत मुख्यतः ओंडक्याच्या कडेचे, साल चिकटलेले तुकडे जायचे.

खरा जीव पाण्यात. भट्टी बॉयलरच्या पोटातच, तिच्या माथ्यावर पाणी. ते कमी झालं की पत्रा तापून मऊ पडतो आणि आतला दाब तो फाडतो. त्यासाठी माथ्यात कथलाचा प्लग, म्हणजे बूच, बसवतात. 232 अंशाला कथील वितळतं आणि वाफ भट्टीत सुटते. पण हे शेवटचं हत्यार. रोजची राखण काचनळीची. खालचा कॉक उघडायचा, नळी रिकामी होते. बंद केला की पाणी टुणकन वर यायला हवं. रेंगाळत आलं तर समजा वाट क्षाराने बुजतेय आणि काच खोटं बोलतेय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा असं रेंगाळलेलं पाणी बघून माझे हात गार पडले होते. ओढ्याचं गढूळ पाणी भरणाऱ्या त्या गिरणीवाल्यांनी काय काय बघितलं असेल!

काही गिरण्या ठिणगीने जळाल्या, काहींचे बॉयलर फुटले. पण पुष्कळ नुसत्या उठून गेल्या. आसपासची झाडं संपली, ओंडके लांबून ओढत आणणं परवडेना, की बॉयलर गाडीवर चढवून पुढच्या जंगलात. मागे उरायचा दगडी चौथरा, त्यातले गंजके बोल्ट आणि भुशाचा ढीग.

अशा जागी गेलो तर मी आधी ओढा शोधेन. चौथरा त्याच्यापासून फार लांब नसणार.