रँडीला कुणी वस्ताद पाहिजे होता

'द रेसलर' परत बघितला. २००८ चा पिक्चर, डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा, हिरो मिकी रूर्क, तो त्यात रँडी नावाचा उतारवयातला पैलवान झालाय. कोल्हापुरात कुणाला सांगितलं की हा बघच, तर पहिला प्रश्न येतो, ते डब्ल्यूडब्ल्यूईसारखं ना, सगळं ठरवलेलं? हो, ठरवलेलंच. खासबागच्या कुस्ती मैदानात दोन पैलवान नुसतंच एकमेकांना धरून फिरायला लागले की लोकं नुरा नुरा म्हणून ओरडतात, आणि इथं तर अख्खी कुस्तीच नुरा, दोघं आधी बसून कुठला डाव कधी टाकायचा आणि पडायचं कुणी हे ठरवतात. पण रँडी मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवतो आणि रिंगमध्ये गुपचूप कपाळावर ओढतो ना, ते रक्त खरं असतंय. निकाल आधी ठरला म्हणून अंग काय कमी मोडत नाही.

ऐंशीच्या दशकात हा माणूस मोठा स्टार होता. आता कानात ऐकायचं मशीन, ट्रेलरचं भाडं थकलेलं, आणि एका मॅचनंतर हार्ट अटॅक. डॉक्टर सांगतात कुस्ती बंद. मग तो सुपरमार्केटच्या खाण्याच्या काउंटरवर कामाला लागतो, आणि पहिल्या दिवशी मागच्या बोळातनं तिकडं चालत जाताना आपल्याला पब्लिकचा आरडाओरडा ऐकू येतो, रिंगकडं जाताना यायचा तसाच, आणि तो प्लास्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून आत शिरतो तर समोर सॅलडचे ट्रे. छातीवर नावाची पट्टी, तीही रँडी नाही, रॉबिन. खरं नाव तेच, पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली त्याला सहनच होत नाही. हा सीन मी परत मागं घेऊन बघितला.

आपल्याकडं गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत सकाळी जावा, एखादा म्हातारा पैलवान कडेला बसलेला दिसणारच. कान मोडलेले, गुडघे गेलेले, मेहनत सुटली पण खुराकाची सवय सुटली नाही म्हणून अंग सुटलेलं. पण तो बसल्या जागेवरनं ओरडतो, मान सोडू नको, दाब, दाब, आणि लाल मातीतली पोरं त्याचं ऐकतात, जाताना पाया पडतात. पैशाचं म्हणाल तर आपल्याकडंही काय फार चांगलं झालं असं नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर. याचा राग मला अजून येतो. पण पैलवानाला वय झाल्यावर बसायला एक जागा तरी आहे इथं.

रँडीला ती नाही. तो शेजारच्या पोराला बोलावून जुना व्हिडिओ गेम खेळतो, त्यात तो स्वतःच पैलवान आहे, आणि ते पोरगं कंटाळून नवीन गेमच्या गोष्टी सांगतंय. दुसरीकडं एका हॉलमध्ये जुने पैलवान सह्या द्यायला टेबलं मांडून बसलेत, गर्दी नाहीच, एकाच्या पायाला लघवीची पिशवी बांधलेली, आणि रँडी नुसता बघत राहतो, डायलॉग एक नाही.

रूर्क स्वतः मधल्या काळात पिक्चर सोडून बॉक्सिंग करायला गेला होता, चेहरा त्यातच बिघडला, म्हणून हे काम तो करतोय असं वाटतच नाही. पिक्चरला व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये गोल्डन लायन मिळाला, पण हिरोचा ऑस्कर 'मिल्क'साठी शॉन पेनला गेला. तोही चांगलाच होता, तरी मला ते पटलेलं नाही.

आणि शेवट. डॉक्टरांनी बंद सांगितलं तरी रँडी परत कुस्तीला उतरतो. लोकं म्हणतात काय भारी शेवट, मर्दासारखा गेला. मला तसं नाही वाटत. त्याची पोरगी मोठ्या मुश्किलीनं परत बोलायला लागली होती, तिच्यासोबत एका रात्रीचं जेवण ठरलेलं, तेही यानं चुकवलं. आणि पॅम, जिच्यावर याचा जीव आहे, ती काम टाकून धावत आलीय, थांब म्हणतीय, तुझं हृदय म्हणतीय, आणि हा तिला सांगतो की मला जखमा होतात त्या इथं नाही, बाहेरच्या जगात होतात, आणि रिंगमध्ये जाऊन दोरावर चढतो. त्याचं दुःख मला शंभर टक्के कळतंय, पण याला मर्दानगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपल्या तालमीतला कुणी वस्ताद तिथं असता तर दोन शिव्या हासडून, दंडाला धरून त्याला दोरावरनं खाली उतरवला असता आणि म्हणला असता, आता बस इथं आणि पोरांना शिकव.