यूडब्ल्यूबी नोंदी: पिकोसेकंद, सेंटीमीटर आणि नॉइज फ्लोर

यूडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड: अगदी छोटे रेडिओ पल्स पाठवून, त्यांना लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. त्यासाठीची डीडब्ल्यू१००० ही चिप पल्स आल्या-गेल्याची वेळ (टाइमस्टॅम्प) १५.६५ पिकोसेकंदांच्या टप्प्यांत मोजते. तेवढ्यात प्रकाश ४.७ मिलिमीटर पुढे जातो, म्हणून अंतरही तितकंच बारीक मिळतं, असा दावा सारखा वाचायला मिळतो. टप्प्याचा आकडा खरा आहे, निष्कर्ष नाही. ४.७ मिलिमीटर ही पट्टीवरची रेघ. पट्टी नीट धरली आहे का, ते तिच्यावरून कळत नाही. चिप बनवणारेसुद्धा १० सेंटीमीटरचंच बोलतात.

खरी गोम घड्याळात आहे. साध्या टू-वे रेंजिंगमध्ये (जाऊन-येऊन अंतर मोजण्यात) ‘अ’ मॉड्यूल संदेश पाठवतो, ‘ब’ थोडं थांबून उत्तर देतो, आणि ते थांबणं वजा करून अंतर काढायचं. ‘ब’ ३०० मायक्रोसेकंद थांबला आणि दोघांच्या घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भागांचा) फरक असला, तर ६ नॅनोसेकंदांची चूक होते. जाण्यायेण्यात निम्मी धरली तरी अंतरात तब्बल ९० सेंटीमीटर! टेबलावर हेच दिसलं: चालू केल्या केल्या आकडा सरकत राहतो, मॉड्यूल तापून स्थिरावलं की थांबतो. तिसरा संदेश जोडून डबल-साइडेड केलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजलं, आणि सरकणं गेलं. अँटेना डिले (चिप ते अँटेना जाताना लागणारा वेळ) हिशेबात बसवल्यावर ५ मीटरच्या टेपशी १० सेंटीमीटरच्या आत जुळतंय. मध्ये मी उभा राहिलो की मात्र आकडा वाढतोच, कारण सरळ आलेला पल्स अंगात विरतो आणि भिंतीवरून वळून आलेला पहिला म्हणून धरला जातो.

दुसरा दावा: ‘यूडब्ल्यूबीचा सिग्नल नॉइजखाली (रेडिओत कायम असणाऱ्या खरखरीच्या पातळीखाली, म्हणजे नॉइज फ्लोरखाली) असतो, कुणाला सापडत नाही.’ हा कागदावरच तपासता येतो. अमेरिकेच्या एफसीसीने (रेडिओ-दूरसंचार नियामकाने) २००२ मध्ये यूडब्ल्यूबीच्या प्रक्षेपणावर घातलेली मर्यादा प्रति मेगाहर्ट्झ उणे ४१.३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), आणि उष्णतेमुळे आपोआप होणारा थर्मल नॉइज तेवढ्याच पट्ट्यात उणे ११४. साडेसहा गिगाहर्ट्झला पहिल्या मीटरातच सुमारे ४९ डेसिबल जातात, तरी सिग्नल नॉइजच्या २४ डेसिबल वर उरतो. गेन नसलेला अँटेना आणि मोकळी जागा धरली, तर तो नॉइजशी बरोबरीला येतो साधारण १६ मीटरवर. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज मोजला तर त्याआधीच. त्यापलीकडेही, प्रीअँबल (संदेशाच्या सुरुवातीचा ठरलेला पल्सचा नमुना) माहीत असलेला रिसीव्हर पल्स एकावर एक जमवून सिग्नल वर काढतोच. दावा करणारे नेमकं हे गाळतात, आणि मला तर यूडब्ल्यूबीतली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

पुढे ८०२.१५.४झेड या यूडब्ल्यूबीच्या मानकातल्या एसटीएसचा (अंतर खोटं दाखवता येऊ नये म्हणून पाठवलेल्या गुप्त पल्समालिकेचा) सुरक्षिततेचा दावा घेतोय. डीडब्ल्यू१००० मध्ये ती सोय नाही, तेव्हा आधी ती असलेल्या डीडब्ल्यू३००० चिपची जोडी चालू करायची आहे.