परदेशी विद्यार्थ्यांसाठी घरांचा नकाशा

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी घरगुती राहण्याच्या जागा आज गूगलच्या 'माय मॅप्स'वर मांडल्या. हेच काम करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

नुसता पत्ता टाइप करून पिन टाकू नका. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर, त्यात घरनंबर नकाशाला नीट कळत नाहीत. पिन भलत्याच गल्लीच्या तोंडाशी पडते. घरमालकांना दारात उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा आणि उपग्रह दृश्यात छप्पर बघून पक्कं करा. सोबत प्लस कोड (गूगल नकाशा प्रत्येक जागेला देतो तो छोटा कोड) लिहा, तो साधारण १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. पण हे सगळं जागा ठरलेल्या विद्यार्थ्यालाच. लिंकवरच्या नकाशात पिन जवळच्या चौकातच ठेवा. कुणाच्या घरात परक्या देशातली मुलगी एकटी राहते, हे साऱ्या गावाला कळायचं कारण नाही.

अंतर चालत वेगळं बघा, बसने वेगळं. केएमटीची, म्हणजे शहर बसची, वेळ स्टॉपवर विचारूनच लिहा.

पुराचा एक लेयर हवाच हवा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं, ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलैत येणाऱ्या मुलांना हे आधीच सांगा.

वर्णनात भाडं, जेवण, बाथरूम वेगळं की सामाईक, एवढं पुरे. मात्र परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद करायला मालक तयार आहेत का, हे पहिल्याच फोनवर विचारा. नाही म्हणाले तर ती पिन काढून टाका.